रेडियम शोधलं आणि किंमत रक्तानं मोजली: मादाम क्युरींची गोष्ट

डेंग्यूची साथ आली की आपल्याकडं घरोघरी एकच प्रश्न असतो. प्लेटलेट किती आल्या? रक्ताचा रिपोर्ट मोबाईलवर येतो आणि घरातली शाळकरी पोरंसुद्धा तो वाचून दाखवतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. हे तीन आकडे आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत.

१९३४ सालच्या जून महिन्यात फ्रान्समधल्या डोंगरातल्या एका दवाखान्यात एका ६६ वर्षांच्या बाईंच्या रक्ताचा असाच रिपोर्ट आला. त्यांच्या तांबड्या आणि पांढऱ्या पेशी दोन्ही झपाट्यानं घसरत होत्या. अंगात ताप होता. डॉक्टर आधी फुप्फुसाचा टीबी समजून चालले होते. रिपोर्ट पाहिल्यावर कळलं की दुखणं छातीत नाही, रक्त जिथं तयार होतं तिथंच आहे.

त्या बाई म्हणजे मादाम मेरी क्युरी. विज्ञानाचं नोबेल दोनदा मिळवलेल्या. शाळेच्या पुस्तकात त्यांचा फोटो आणि चार ओळी असतात. त्या चार ओळींत न येणारी गोष्ट आज सांगायची आहे. किरणांच्या कामानं माणसाच्या रक्ताचं काय होतं हे जगाला कसं कळलं आणि ते कळायला कुणाकुणाचं रक्त गेलं, त्याची ही गोष्ट आहे.

वॉर्साची मानिया

मेरीचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. मूळ नाव मारिया स्क्लोदोव्स्का. घरात तिला मानिया म्हणायचे. तेव्हा वॉर्सावर रशियाच्या झारचं राज्य होतं. शाळेत स्वतःच्या भाषेत शिकायची चोरी. इन्स्पेक्टर आला की पोलिश पुस्तकं लपवायची आणि रशियन काढायची, अशी तऱ्हा.

वडील गणित आणि विज्ञानाचे मास्तर. आई मुलींची शाळा चालवायची. आईला टीबी झाला. पोरांना लागण होऊ नये म्हणून ती त्यांना जवळ घ्यायची नाही. मानिया दहा वर्षांची असताना आई गेली. त्याआधी थोरली बहीण तापानं गेली होती.

पोरगी अभ्यासात हुशार. पंधराव्या वर्षी सुवर्णपदक घेऊन शाळा संपवली. पण पुढं काय? वॉर्साच्या विद्यापीठात बायकांना प्रवेशच नव्हता. पॅरिसला जायचं तर पैसा पाहिजे, आणि मास्तरांच्या घरात पाच पोरं वाढवून पैसा उरणार कुठून?

दोघी बहिणींचा करार

मग मानियानं आणि तिच्या मोठ्या बहिणीनं, ब्रोन्यानं, आपसात ठरवलं. आधी ब्रोन्यानं पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं आणि मानियानं नोकरी करून तिला पैसे पाठवायचे. ब्रोन्या कमावती झाली की तिनं धाकटीला बोलावून घ्यायचं.

अठराव्या वर्षी मानिया एका खेड्यात, जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या घरी पोरांना शिकवायला राहिली. आजूबाजूला सगळी बीटची शेती. आपल्याकडं उसापासून साखर होते, तिकडं बीटापासून. दिवसभर मालकाच्या पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात गावातल्या शेतमजुरांच्या पोरांना पोलिश लिहायला-वाचायला शिकवायचं. हे शिकवणं सरकारच्या लेखी गुन्हा होता. पकडली असती तर सैबेरियाची वाट होती.

तिथंच मालकाच्या थोरल्या मुलाचं आणि तिचं जमलं. पण घरात राबायला ठेवलेली, हुंडा नसलेली पोरगी सून म्हणून त्या घराला चालणार नव्हती. लग्न मोडलं. अपमान गिळून ती तिथंच नोकरीला राहिली, कारण ब्रोन्याला दर महिन्याला पैसे जायला हवे होते.

१८९१ साली पाळी तिची आली. सगळ्यात स्वस्त डब्यात बसायला जागा नसते म्हणून घडीची खुर्ची सोबत घेऊन ती रेल्वेनं पॅरिसला पोचली. माळ्यावरची खोली, थंडीत पाणी गोठायचं. रात्री घरातले सगळे कपडे अंगावर घेऊन झोपायची. अभ्यासाच्या नादात जेवण विसरायची आणि एकदा तर भुकेनं चक्कर येऊन पडली. १८९३ साली पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत पहिली आणि पुढच्या वर्षी गणितात दुसरी आली.

गळक्या शेडमधल्या काहिली

१८९५ साली तिनं पिएर क्युरी या शास्त्रज्ञाशी लग्न केलं. लग्नातला पोशाखसुद्धा गडद निळा, पुढं प्रयोगशाळेत वापरता येईल असा. आहेराच्या पैशातून दोघांनी दोन सायकली घेतल्या आणि गावोगाव हिंडले. मानियाची आता मादाम क्युरी झाली.

त्याच वर्षाच्या शेवटी जर्मनीत रॉन्टजेन यांनी क्ष-किरण, म्हणजे आपले एक्स-रे, शोधले. पुढच्या वर्षी पॅरिसमध्येच बेकरेल यांना दिसलं की युरेनियममधून आपोआप किरण बाहेर पडतात. ना वीज, ना ऊन, तरी किरण निघतातच. मेरीबाईंनी डॉक्टरेटसाठी हाच विषय धरला. पिएर आणि त्यांच्या भावानं बनवलेल्या नाजूक यंत्रावर त्यांनी एकेक खनिज मोजायला घेतलं. पिचब्लेंड नावाच्या काळ्या दगडापाशी त्या थबकल्या. त्यात जितकं युरेनियम होतं त्याच्या मानानं किरण फारच जास्त निघत होते. म्हणजे आत दुसरं काहीतरी होतं.

१८९८ साली नवरा-बायकोनं मिळून दोन नवी मूलद्रव्यं जाहीर केली. पहिल्याला मेरीबाईंनी आपल्या देशावरून पोलोनियम नाव दिलं. तेव्हा जगाच्या नकाशावर पोलंड नावाचा स्वतंत्र देश उरला नव्हता, हे लक्षात घ्या. दुसरं रेडियम.

पण नुसतं जाहीर करून भागत नाही. धातू दाखवा, वजन सांगा, असं रसायनवाले म्हणणार. मग बोहेमियातल्या खाणीतून युरेनियम काढून फेकलेला पिचब्लेंडचा कचरा मागवला. पोती आली. तपकिरी भुकटी, त्यात देवदाराच्या सुया मिसळलेल्या. काम करायला एक शेड मिळाली, तिथं पूर्वी वैद्यकीय विद्यार्थी प्रेतं फाडायचे. छप्पर काचेचं आणि गळकं. धूर बाहेर जायला सोय नाही, म्हणून बरंचसं काम अंगणात.

आपल्याकडं गुऱ्हाळात काहिलीतला रस ढवळतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे डोळ्यापुढं येईल. एका वेळी वीस-वीस किलो माल उकळायचा आणि जवळजवळ स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्यानं दिवसभर ढवळायचा. गुऱ्हाळात शेवटी गुळाची ढेप तरी निघते. इथं चार वर्षं टनावारी कचरा उकळून १९०२ साली हाती आला रेडियमचा क्षार, वजन एक दशांश ग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी.

रात्री जेवणं झाली की दोघं कधीकधी परत शेडमध्ये जायचे. अंधारात फळीवर मांडलेल्या बाटल्या निळसर चमकत असायच्या. त्या उजेडाचं दोघांना फार कौतुक होतं. तो उजेड अंगात काय करतोय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बोटं जळायला लागली

नाही म्हणायला खुणा दिसत होत्या. बेकरेल यांनी रेडियमची नळी कोटाच्या खिशात ठेवली आणि खिशाखालची कातडी भाजली. पिएर यांनी तर मुद्दाम दंडावर रेडियम बांधून पाहिलं. दहा तासांत कातडी लाल झाली, मग जखम झाली आणि भरायला पन्नासहून जास्त दिवस लागले. मेरीबाईंच्या बोटांची टोकं कडक होऊन सोलायची, ठणकायची.

भाजणं सगळ्यांना दिसत होतं, आणि त्यातून एक चांगलं कामही निघालं. जे चांगली कातडी जाळतं ते कॅन्सरची गाठही जाळेल, असा विचार डॉक्टरांनी केला. रेडियमनं कॅन्सरवर उपचार सुरू झाले. क्युरी दांपत्यानं रेडियम काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. ज्ञान सगळ्यांचं आहे, असं त्यांचं मत होतं.

पण भाजण्यापलीकडं जे चाललं होतं ते दिसत नव्हतं. दोघंही सतत थकलेले. पिएर यांचे पाय इतके दुखायचे की रात्र-रात्र झोप नाही. १९०३ साली मेरीबाईंचा गर्भपात झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांना बेकरेल यांच्यासोबत नोबेल जाहीर झालं, पण तब्येतीमुळं स्टॉकहोमला जाता आलं नाही. ते जाणं १९०५ सालापर्यंत लांबलं. थकव्याचं कारण सगळे कामाचा ताण, थंडी, अपुरं जेवण असंच समजत राहिले.

पिएर गेले

१९ एप्रिल १९०६. पावसाचा दिवस. पॅरिसच्या रस्त्यावर पिएर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडले. चाक डोक्यावरून गेलं, जागच्या जागी संपले. थोरली इरेन आठ वर्षांची, धाकटी एव्ह सव्वा वर्षाची.

सरकारनं पेन्शन देऊ केली, मेरीबाईंनी नाकारली. विद्यापीठानं पिएर यांची जागा त्यांना दिली आणि सोरबोनमध्ये शिकवणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या. १९११ साली रसायनशास्त्राचं नोबेल एकटीच्या नावावर मिळालं. त्याच वर्षी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं मात्र थोड्या मतांनी त्यांना दार बंद केलं होतं.

युद्धातली एक्स-रे गाडी

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. जखमी सैनिकाच्या अंगात गोळी नेमकी कुठं आहे हे न बघताच डॉक्टर चिरफाड करत होते. मेरीबाईंनी मोटारीत एक्स-रे यंत्र बसवलं, त्याला वीज द्यायला डायनॅमो जोडला आणि गाडी थेट आघाडीवर नेली. अशा वीसेक गाड्या तयार केल्या, दवाखान्यांत दोनशेच्या आसपास एक्स-रे खोल्या उभारल्या. स्वतः गाडी चालवायला शिकल्या. सतरा वर्षांच्या इरेनला सोबत घेतलं आणि दीडशेच्या आसपास बायकांना यंत्र चालवायला शिकवलं. या सगळ्यातून दहा लाखांहून जास्त सैनिकांची तपासणी झाली असं मानतात.

किती जीव वाचले असतील याचा हिशेब नाही. पण त्या यंत्रांना आजच्यासारखं शिशाचं संरक्षण नव्हतं. जखमी माणूस टेबलावर, आणि यंत्र चालवणारी बाई किरणांच्या शेजारी. तपासायचा माणूस बदलायचा, यंत्रापाशी उभी असलेली बाई तीच राहायची. रुग्ण आणि कामगार यांच्यातला फरक हा असा. रुग्णावर एकदा किरण पडतात, कामगारावर रोज थोडे-थोडे साठत जातात.

रक्तावरच घाला का?

इथं जरा थांबून शरीराचं कामकाज समजून घेऊ.

रक्त हृदयात तयार होत नाही. ते तयार होतं हाडांच्या आत, मगजात. त्याला डॉक्टर अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. हा मगज म्हणजे रात्रंदिवस चालणारा कारखाना. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. प्लेटलेट आठ-दहा दिवस. बऱ्याच पांढऱ्या पेशी तर काही तास किंवा काही दिवसच. त्यामुळं नवा माल सतत तयार व्हावाच लागतो. मगजातल्या मूळ पेशी अखंड फुटत असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार.

किरणांचा मारा सगळ्यात जास्त अशाच भराभर फुटणाऱ्या पेशींवर बसतो. फ्रान्समधल्या दोघा डॉक्टरांनी हे १९०६ सालीच मांडलं होतं. मोठा मारा एकदम बसला तर पांढऱ्या पेशींतल्या काही जाती तासा-दिवसांत घसरतात, मग प्लेटलेट, आणि सगळ्यात शेवटी तांबड्या, कारण त्या जास्त दिवस टिकतात. मारा थोडा-थोडा पण वर्षानुवर्षं बसला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक तर कारखाना हळूहळू बंद पडतो, त्याला अप्लास्टिक अॅनिमिया म्हणतात. नाहीतर पेशीच्या आतली वही बिघडते आणि बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढतात. तो रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया. एक्स-रेवर काम करणाऱ्यांना ल्युकेमिया झाल्याची नोंद युरोपातल्या डॉक्टरांनी १९११ सालीच केली होती.

पांढऱ्या पेशी कमी म्हणजे साध्या जंतूशीही लढता येत नाही. प्लेटलेट कमी म्हणजे रक्त थांबत नाही. तांबड्या कमी म्हणजे दम लागतो, चेहरा पांढरा पडतो. तिन्ही एकदम कमी झाल्या तर माणूस कशानंही जाऊ शकतो.

घड्याळं रंगवणाऱ्या पोरी

युद्धानंतर रेडियमची जगाला भुरळ पडली. रेडियमचं क्रीम, रेडियमचं पाणी, ताकदीचं औषध म्हणून लोक विकत घेऊन पीत होते. अमेरिकेत घड्याळाचे काटे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग द्यायचे कारखाने निघाले. कामाला तरुण पोरी. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा, असं त्यांना शिकवलेलं. दिवसभरात कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी जरासं रेडियम पोटात.

रेडियमचा स्वभाव चुन्यासारखा, म्हणजे कॅल्शियमसारखा. शरीर त्याला हाड बांधायचा माल समजून हाडात नेऊन बसवतं. मगजाच्या अगदी लगत. तिथून ते आयुष्यभर किरण सोडत राहतं. त्या पोरींचे जबडे सडले, अंगातलं रक्त आटलं, एकामागून एक गेल्या. मालक लोक दुसऱ्याच आजारांची नावं पुढं करत राहिले. शेवटी पाच जणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली त्यांना प्रत्येकी दहा हजार डॉलर आणि वर्षाला सहाशे डॉलर अशी भरपाई मिळाली. चालताही न येणाऱ्या बायकांनी लढलेली ती लढाई होती.

मेरीबाईंपर्यंत ही बातमी गेली. शरीरात शिरलेलं रेडियम नष्ट करायचा उपाय नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या काळात रक्त वाढवायला कच्ची कलेजी खायला देत असत, तोच सल्ला त्यांनीही दिला. त्याहून जास्त देण्यासारखं त्यांच्याकडंही काही नव्हतं.

फ्रान्समध्येही माणसं जात होती. पॅरिसजवळ किरणोत्सारी औषधं तयार करणारे दोन इंजिनिअर १९२५ च्या जानेवारीत चार दिवसांच्या अंतरानं गेले. त्याच वर्षी फ्रान्सच्या वैद्यक अकादमीनं समिती नेमली. मेरीबाई तिच्यात होत्या. समितीनं सांगितलं की कारखान्यात शिशाचे पडदे लावा आणि कामगारांचं रक्त ठरावीक दिवसांनी तपासा.

दुसऱ्यांचं रक्त, स्वतःचं रक्त

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग.

मेरीबाई आपल्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये पोरांवर कडक होत्या. नळी हातानं धरायची नाही, चिमट्यानं उचलायची. शिशाच्या आडून काम करायचं. रक्त तपासून घ्यायचं. कुणाच्या पेशी कमी आल्या की त्याला सुट्टी देऊन मोकळ्या हवेत पाठवायचं. मोकळ्या हवेनं माणूस सुधारतो असा त्यांचा विश्वास होता.

स्वतःच्या बाबतीत मात्र हे नियम नव्हते. तीस-पस्तीस वर्षांची सवय, नळी सरळ बोटांत धरायची. रक्त तपासायला त्या कशाबशा तयार व्हायच्या आणि आकडे चांगले नसले तरी फारसं मनावर घ्यायच्या नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशनं करावी लागली. ते दुखणं त्यांनी बाहेर कळू दिलं नाही. शिकवायची टिपणं मोठ्या अक्षरात लिहायच्या, यंत्रांवर रंगीत खुणा करून ठेवायच्या आणि काम चालू.

असं का? वेड्या नव्हत्या त्या. एक तर रेडियम म्हणजे त्यांचं आणि पिएर यांचं सारं आयुष्य. ज्या वस्तूनं कॅन्सरचे रुग्ण बरे होत होते तीच आपल्याला मारतेय हे मान्य करणं जड गेलं असणार. दुसरं, पेटंट न घेतल्यानं रेडियम त्यांना स्वतःलाही परवडत नव्हतं. १९२१ साली अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून एक लाख डॉलरचं एक ग्रॅम रेडियम घेतलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना दिलं. मेरीबाईंनी कागदपत्रं आदल्या संध्याकाळी बदलून घेतली, रेडियम आपल्या नावावर नको, प्रयोगशाळेच्या नावावर करा म्हणून. ज्या वस्तूसाठी जग एवढं उभं राहिलं तिच्या विरुद्ध बोलायचं कसं?

आणि तिसरं कारण आपल्यालाही ओळखीचं आहे. फवारणी करताना तोंडाला रुमाल बांध म्हणून पोराला ओरडणारा बाप स्वतः उघड्या तोंडानं फवारतो. मला काय होतंय, इतकी वर्षं करतोय, ही समजूत. त्रास लगेच होत नाही, म्हणून होतच नाही असं वाटतं. किरणांचं तर वासही नाही, चवही नाही.

१९३४ च्या उन्हाळ्यात ताप चढायला लागला. टीबी असेल म्हणून आल्प्स डोंगरातल्या सान्सेलमोझच्या दवाखान्यात हलवलं. प्रवासात त्यांची शुद्ध हरपली. जिनिव्हाहून आलेल्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि निदान बदललं. ४ जुलै १९३४ च्या पहाटे मेरीबाई गेल्या. दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की हा अप्लास्टिक अॅनिमिया होता, आणि मगजानं प्रतिसाद दिला नाही याचं कारण बहुधा वर्षानुवर्षं साठलेला किरणांचा मारा असावा.

१९९५ साली त्यांची पेटी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या शेजारी नेण्यात आली. स्वतःच्या कर्तबगारीवर तिथं जागा मिळालेल्या त्या पहिल्या बाई. तेव्हा पेटी तपासली. शरीरातलं रेडियम अपेक्षेपेक्षा कमी निघालं. त्यावरून तिथल्या तज्ज्ञांनी मत दिलं की रेडियमपेक्षाही युद्धातल्या उघड्या एक्स-रे यंत्रांनी त्यांचा घात केला असण्याची शक्यता जास्त. मुलगी इरेन, तिलाही नोबेल मिळालं होतं, १९५६ साली ल्युकेमियानं गेली. प्रयोगशाळेत कधीच न रमलेली धाकटी एव्ह १०२ वर्षं जगली. एका घरावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही, पण गोष्ट लक्षात राहते.

मेरीबाईंच्या वह्या आजही शिशाच्या पेट्यांत ठेवलेल्या आहेत. रेडियमची ताकद निम्मी व्हायला १६०० वर्षं लागतात.

आज काय बदललं

ज्या वर्षी मेरीबाई गेल्या त्याच १९३४ साली किरणांच्या कामगारांसाठी पहिली आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरली. ती आजच्या मानानं फार सैल होती. त्या मर्यादेत दहा-एक दिवस काम केलं तर आजची वर्षभराची मर्यादा संपेल. आता आपल्या देशात कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही हद्द आहे. सामान्य माणसासाठी ती वर्षाला फक्त १ मिलिसिव्हर्ट. यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे.

या हद्दीत काम केलं तर रक्ताच्या साध्या तपासणीत सहसा काही फरक दिसत नाही. म्हणूनच आता नुसत्या रक्तावर अवलंबून राहत नाहीत. एक्स-रे किंवा सीटी विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक छोटा बॅज असतो, त्याला टीएलडी बॅज म्हणतात. किती किरण पडले ते तो साठवतो. ठरावीक महिन्यांनी तो तपासायला जातो आणि आकडा येतो. रक्त बिघडायची वाट न बघता आधीच कळतं.

पण बॅज खुंटीला टांगून ठेवला तर तो खुंटीवरचे किरण मोजणार. शिशाचा अॅप्रन जड होतो म्हणून कोपऱ्यात ठेवला तर तो कोपऱ्याचं रक्षण करणार. आपल्या तालुक्यांतली कितीतरी पोरं-पोरी कोर्स करून एक्स-रे टेक्निशियन झालीत. कुणी लहान सेंटरमध्ये, कुणी शहरात. बॅज मागायला, रिपोर्ट बघायला त्यांनी लाजू नये. तो त्यांचा हक्क आहे.

रुग्णांनी मात्र उगाच घाबरू नये. डॉक्टरांनी सांगितलेला छातीचा एक एक्स-रे म्हणजे फार थोडे किरण. सोनोग्राफीत तर हे किरण नसतातच, ती आवाजाच्या लहरींवर चालते. पोटुशी बाईनं एक्स-रेआधी तसं सांगावं आणि काढताना नातेवाइकांनी विनाकारण खोलीत थांबू नये, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

तुमच्या घरातलं कुणी या कामात असेल तर आज रात्री फोनवर जेवलास का विचारताना आणखी एक विचारा. बॅज लावतोस ना?